खोटा खोकला

घराघरांतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावरचं आमचं पथनाट्य गावोगाव नेणारा जीपवाला फार कमी बोलतो. नाटकात मी काळी चादर पांघरून धूर होतो आणि समोरच्या कुटुंबांना खोकून दाखवतो. माझ्या मते उत्तम खोकतो.

हा माणूस रेल्वे फाटकाशी न चुकता इंजिन बंद करतो आणि प्रत्येक प्रयोग पुढे मांडी घालून बघतो. ‘कसं झालं?’ विचारलं की टोपी सारखी करत म्हणतो, “बठ्ठं बरोबर शे. खोकला तेवढा खोटा वाटस.”

परवा शिरपूरकडच्या एका गावात मी जीव तोडून खोकलो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळणार नाही, अशी एका अख्ख्या घराकडून शपथ घेतली. जेवणही त्याच घरी होतं. तिथल्या अक्कांनी विचारलं, “भाऊ, भरीतनी वांगी गॅसवर भुंजू का पऱ्हाट्यांवर?”

“पऱ्हाट्यांवरच! गॅसवरच्या वांग्याला काय चव?” मी बोलून गेलो.

अक्का पऱ्हाट्या आणायला गेल्या. जीपवाला उठला, जीपमधून माझी काळी चादर आणली, झटकली आणि माझ्या खांद्यांवर नीट पांघरली.

मी ती काढू लागलो तसा तो म्हणाला, “राहू द्या, भाऊ. नाटक आजून चालू शे.”

अंगणात पऱ्हाट्या पेटल्या. वारा फिरला, सगळा धूर माझ्या तोंडावर आला आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलो.

टोपी सारखी करत तो म्हणाला, “आते बरोबर शे.”