सदाभाऊंच्या हातचा जोड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, पण रडवेला चेहरा करून नाही. ते मला जमत नाही.

पुण्याला नोकरीला जायचं नाही, असं अब्बांचं ठाम मत. लोणावळ्यात आमची बेकरी, पोरीने काय करायचं ते घरात बसून करावं. मग मी घरात बसूनच काम धरलं — परदेशी डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं. त्या आवाजाच्या फायली फोनच्या तारेतून मुंगीच्या पावलांनी उतरायच्या. उशीर झाला की काम बंद, आणि काम बंद झालं की अब्बांनी बघून ठेवलेला मुलगा. एका कम्प्युटरला दोन मोडेम लावून दोन फोन लाइनी एकत्र चालवल्या की वेग जवळपास दुप्पट होतो, हे मी शोधून काढलं. दुसरी लाइन? ती शेजारच्या काकूंची होती. विचारलं असतं तर दिली असती का? मी विचारलंच नाही.

दोन्ही घरांच्या तारा जिन्याखालच्या एकाच डबीतून यायच्या. ती डबी टेलिफोनचे लाइनमन सदाभाऊ यांनी स्वतः जोडलेली. जवळच्या वडिवळे गावचा माणूस, कामाचा भारी अभिमान. "शबाना, बघून ठेव," म्हणायचे, "तीन पीळ द्यायचे आन् टोक असं उलटं वळवायचं. माझा जोड लाखात वळखू येतो." मी बघून ठेवलं. नीट बघून ठेवलं.

चार महिने रोज दुपारी, काकू झोपल्या की, त्यांची लाइन माझी. काकूंच्या लेकीला त्यांचा फोन सारखा एंगेज लागायचा, बिलही फुगलं. सदाभाऊ तीनदा आले, खांबावर चढले, तारा तपासल्या. डबी मात्र उघडली नाही — तिथं त्यांचा स्वतःचा हात लागलेला, तिथं चूक कशी असेल? काकू त्यांना तोंडावर कामचुकार म्हणाल्या. चौथ्यांदा काकूंनी सदाभाऊंच्या साहेबांनाच बोलावलं.

डबी उघडली. काकूंच्या तारेचा एक फाटा आमच्या घरात गेलेला. सदाभाऊंनी जोड बोटांनी चाचपला — बराच वेळ. मग म्हणाले, "जोड माझाच हाय, सायेब. पावसाळ्यात घाईत मीच लायन चुकीची गुतवली आसंल."

मी चहा घेऊन तिथंच उभी होते. "घ्या ना, सदाभाऊ," मी म्हणाले. एवढंच.

त्यांना ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायला बसवलं. पुढे एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "आता घरची वायर बी मी जोडत न्हाई, पोरी. हाताचा भरवसा न्हाई."

लाइन चोरल्याची मला लाज नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा चोरेन. डबी उघडली तोवर माझं काम पक्कं झालं होतं. लग्न मी माझ्या मर्जीने केलं, तुंगार्लीतलं घर माझ्या नावावर आहे. आणि त्या दिवशी मी घाबरून गप्प राहिले, असंही समजू नका. खरं सांगू? जोड हुबेहूब त्यांच्यासारखा जमला, म्हणून मी मनातून खूश झाले होते.

सदाभाऊ वडिवळ्यातच असतात. चूक आपल्या हाताची, असंच त्यांना अजून वाटतं. तो जोड मी बांधला होता.