परराज्यातलं बी.ए.

प्रकाशा गावच्या एसटी स्टँडजवळ खाली माझं खतांचं दुकान आणि जिना चढून वर भिकनचं विद्यापीठ. विद्यापीठ परराज्यातलं, तिथल्या सरकारचं. भिकन त्याचा इथला केंद्रचालक. त्या राज्याला आपले घरबसल्या शिकायचे कोर्स बाहेर खपवायचे होते, आणि आमच्याकडे बारावी होताच लग्न लावून दिलेल्या पोरींना तोटा नव्हता. मी त्याला कुलगुरू म्हणायचो. तो मनापासून खूश व्हायचा, त्यामुळे थट्टासुद्धा वाया जायची.

पण गडी विकायचा झकास. सून पास झाली की हा नारळ-पेढे घेऊन तिच्या सासरी हजर. सासूला सांगायचा, पाट मांडा, पदवीची ओटी भरा. अशी रीत आमच्याकडे नव्हतीच, यानेच काढली. एरवी सासऱ्यासमोर पदर ओढून दाराआड उभी राहणारी पोर त्या दिवशी ओसरीत पाटावर बसायची आणि सासरा तिच्या हातावर पेढा ठेवायचा. ते बघून शेजारची सासू आपल्या सुनेला घेऊन जिना चढायची.

मग नियम कडक झाला. कुठल्याही राज्याच्या विद्यापीठाने असे कोर्स आपल्या हद्दीबाहेर चालवायचे नाहीत, चालवले तर ती पदवी नोकरीला धरणार नाहीत. भिकनची सख्खी पुतणी मयूरी, रनाळ्याला दिलेली, तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. त्याने विद्यापीठात फोन लावला. तिकडचा साहेब म्हणाला, वरून मिटेल. याला तेच ऐकायचं होतं. मी म्हटलं, पुतणीला तरी सांग. तर म्हणतो, "तिले सांगं ते सारास्ले सांगनं पडी."

मयूरी पास झाली. तिची सासू अनुसयाबाई भारी कडक बाई, पण ओटी भरून गल्लीभर पेढे वाटले तिने.

विद्यापीठाचा हट्ट सुटला नव्हता. इथल्या पोरींना तिकडचा पत्ता लावा, प्रवेश देतो, असे फोन यायचे. भिकनने एवढं मात्र पाळलं: नियम कळल्यानंतर नवी पोर घेतली नाही. कोणी आलं की जागा भरल्या म्हणायचा. तरी कुलूप रोज उघडायचा. केंद्र बंद केलं तर लोक का विचारतील, आणि मग जुन्या सगळ्या पोरींचं बिंग फुटेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला चीड यायची. अरे, फसवलंस तर पळून तरी जा! पण पळणार कुठे? गिऱ्हाईक सगळं नात्यातलं.

यंदा अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांची भरती निघाली. पदवी हवी होती. मयूरी परीक्षेत वर आली. नंदुरबारला कागदपत्रं दाखवायला जायच्या आधी ती जिना चढली.

"आप्पा, मन्ही डिग्री चालस ना?"

"चालस ना, बेटा."

मी खाली ऐकत होतो. हातातलं पोतं आपटलं, पण वर जाऊन बोलायची हिंमत मलाही झाली नाही.

ती नंदुरबारला गेली त्या दिवशी भिकन माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "अमृतभाऊ, आते बस. पोरगी नंदुरबारथून वनी का तिले खरं सांगस, केंद्र बंद करस, मंग मी मोकळा." दुखरी दाढ उपटून टाकायचं ठरवलेल्या माणसासारखा दिसत होता. मला बरं वाटलं.

मयूरी दुपारी एसटीने उतरली. नंदुरबारच्या साहेबाने ही पदवी धरत नाही म्हणून तिचे कागद परत केले होते. भिकन तिच्यासमोर हात जोडून रडला. माले ठाऊक व्हतं, म्हणाला, आता घरोघर जाऊन सांगतो.

ती रडली नाही. "कोनले सांगू नका," म्हणाली. "घरमा मी सांगसू, मेरिटमा नंबर लागना नही. ती डिग्रीना जोरवर मी सासराना समोर बसस, आप्पा. शेतना इषय निघना ते माले इचारतस. केंद्र बंद व्हयनं ते मी परत दारनामांगे." मग थांबून म्हणाली, "तुम्ही मोकळा व्हई जाशात. मन्हं काय?"

दुसऱ्या दिवशी भिकनने पुन्हा कुलूप उघडलं. मी म्हटलं, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खा आता.

चार दिवसांनी मी वर भिकनकडे बसलो होतो, तेव्हा अनुसयाबाई आली, दोन्ही सुना घेऊन. धाकटीचं नुकतंच लग्न झालेलं. म्हातारी मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "मोठीले मार्क कमी पडनात. पन धाकटी हुशार शे, भिकनभाऊ. हिना बी प्रवेश करी द्या."

"जागा भरी गयात," भिकन म्हणाला.

"घरना मानूसले जागा नही? का डिग्रीमाच काही खोट शे?"

म्हातारी हसत होती, पण तिची नजर मयूरीवर गेली. धाकटी पोर आशेने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मयूरीने पदर सारखा केला आणि मान खाली घालून म्हणाली, "आप्पा, करी द्या ना."