डिंकाचे वण

मला खुर्चीवर बसवलं. रंगवाल्यानं हनुवटीला बोट लावून माझं तोंड उन्हाकडं फिरवलं आणि म्हणाला, "हलू नकोस."

मी हललो नाही. वाटलं, आता माझ्या तोंडाला रंग लागणार. त्यानं वाटीतल्या डिंकात कणीक कालवली. काडीवर एक थेंब घेतला आणि शेजारच्या खुर्चीवरल्या पोराच्या गालावर ठेवला. काडीचं टोक दाबून त्यात खळगा केला. मग माझ्याकडं बघितलं. मग परत त्याचा गाल. माझ्या नाकाजवळ तीन वण आहेत. त्याच्याही नाकाजवळ तीन झाले.

पोरगा शहरातला. गोरापान. माझ्याच वयाचा, पंधरा-सोळाचा. शेवटी तेलात काजळी कालवून त्याला माझा रंग दिला. रंगवाला मागं सरला, दोघांची तोंडं ताडून बघितली.

"हुबेहूब," म्हणाला. आणि मला, "ऊठ आता. तुझं काम झालं."

रहिमतपूरच्या अंगाला आमचं गाव. तिकडं दूर जर्मनची लढाई चालली होती आणि इकडं आमच्या मळ्यात शहरातली सिनेमा कंपनी आली होती. शेतकऱ्याच्या पोराची गोष्ट होती. सिनेमा काढणाऱ्या साहेबाला म्हणे गावातलंच पोर पाहिजे. आमच्या गुरुजींनी मला पुढं केलं. त्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलेलो. गावात मला चाळण म्हणायचे. देवीच्या वणांनी तोंड भरलेलं म्हणून. गुरुजी म्हणाले होते, "त्यांना खरा चेहरा हवाय. चाळण म्हणणारे आता तिकीट काढून तुझं तोंड बघतील."

मी ते खरं धरलं. गावभर सांगितलं. आईनं भावकीत सांगितलं.

त्या शहरातल्या पोराला मी पंधरा दिवस शिकवलं. मुंडासं कसं बांधायचं, ढेकळातनं अनवाणी कसं चालायचं, बैलाला हाळी कशी द्यायची. गुरुजी म्हणाले होते, तो तुझ्या मित्राचं काम करणार आहे. मी जीव लावून शिकवलं. आमचा लय दोस्ताना झाला होता. त्याला आमच्या घरची भाकरी आवडायची.

खुर्चीवरनं उठलो तो थेट गुरुजींकडं गेलो. ते साहेबाच्या शेजारी चहा घेत होते. मला बाजूला नेऊन समजूत काढायला लागले.

"पडद्यावर तोंड केवढं मोठं दिसतं माहीत आहे का? खरे वण लोकांना बघवत नाहीत, किळस येते. खोटे चालतात. आणि तुला काम आहेच की. मोट तू हाकायचीस. पाठमोरा. त्याला ती जमत नाही."

मी विचारलं, "गुरुजी, तुमाला हे कवापासनं ठावं व्हतं?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "पहिल्या दिवसापासून."

खोटं कशाला सांगू, तवाही मी त्यांचं ऐकलं. मान खाली घालून मोटेकडं गेलो. बैल आमचेच होते, जुंपले. पाठ तर पाठ, म्हणालो. पाठ तरी माझी आहे.

तेवढ्यात आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, चार बायका बरोबर घेऊन. लेकाचा सिनेमा बघायला.

देवी आल्या तवा मी पाच वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण तीनची. दोघं एकाच वाकळेवर. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. आई ओलेत्यानं देवीपुढं उभी राहायची. बहीण गेली, मी राहिलो. माझ्या वणांना आईनं कधी नाव ठेवलं नाही. कुणी चाळण म्हणालं तर म्हणायची, देवीनं वळखीला ठिवल्यात.

तिला तो पोरगा दिसला. थेंब अजून ओले होते, वरनं ऊन. जुने वण वाटतच नव्हते, ताज्या खपल्याच वाटत होत्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं. पुढं झाली, त्याच्या तोंडावरनं हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "कवा आल्या रं देवी, लेकरा? आन् असा उन्हात कसा हिंडतुयास? तुजी आय कुठाय?"

सगळी कंपनी हसली. छत्री धरणारा हसला, कॅमेऱ्यावरचा हसला. पोरगाही हसला. त्यानं नखानं गालावरचा एक वण उचकटला आणि आईच्या तळहातावर ठेवला.

"घ्या मावशी. निघतात हे."

गुरुजीही हसले. मी बघितलं.

आई हसली नाही. रडलीही नाही. हात तसाच पुढं धरून त्या डिंकाकडं बघत राहिली. तिच्या ज्या हातानं बहिणीला मूठमाती दिली होती, तो हात.

साहेब ओरडला, तयार राहा. लढाईमुळं फिल्म मिळत नाही, एकदाच घेणार, तोंड अजिबात वळवायचं नाही.

मी वळलो. जू उतरवलं, बैल सोडले. साहेब विचारायला लागला, काय झालं, काय झालं. मी म्हणालो, "तोंड नगं, तर पाठ बी न्हाई."

गुरुजी धावत आले. "अरे, मी शब्द दिलाय त्यांना."

"मला बी दिला व्हता."

आईचा हात धरला. तो डिंक मी झटकून टाकला. पुढं बैल, मागं आम्ही दोघं, मळ्यातनं घरी आलो. गुरुजी पुढं बारा वर्षं गावात होते. मी त्यांना रामराम घातला नाही. ते गेले तवा खांदाही दिला नाही. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

तो सिनेमा साताऱ्याला लागला. गावची माणसं बघून आली. सांगत होती, पोराच्या तोंडावरचे वण काय खरे दिसत होते. मी गेलो नाही.

आता घरात टीव्ही आहे. नात शाळकरी पोरापोरींची मालिका बघते. एकाच्याही तोंडावर पुटकुळी नाही, उन्हानं रापलेलं एक तोंड नाही. गरिबाचं पोर दाखवायचं झालं की गोऱ्यालाच काळं फासतात. ते बघून नात आरशापुढं गाल घासत बसते. तिच्या गालाला काय झालंय? वयात आलेल्या पोरीचा गाल आहे, दुसरं काय.

तिच्यासाठी हे लिहिलं. आणि घरातल्या सगळ्यांना लिहून ठेवतो. मी गेल्यावर भिंतीवर माझा फोटो लावाल. फोटोवाला म्हणेल, आजोबांचे डाग साफ करून देतो. त्यानं एक जरी वण पुसला तर तो फोटो माझा नाही. खाली उतरवा. भिंत रिकामी राहू द्या.