चौदाशे मीटर, कागदावर

व्हर्ना लाहतिनेनला आमच्या गावात आडनावानं कुणी ओळखत नाही. कॉर्डोव्हा स्ट्रीटच्या शाळेसमोर नारिंगी जाकीट घालून, हातात ‘थांबा’ची पाटी घेऊन पोरांना रस्ता पार करून देते ती व्हर्ना, एवढं पुरतं. एकोणीस वर्षं त्याच कोपऱ्यावर. एकदा तिनं दोन पोरींसाठी चक्क प्रेतयात्रा थांबवली होती. अठरा गाड्यांची रांग. पाद्रीबुवा काच खाली करून म्हणाले, “अहो बाई, निदान आजच्या दिवशी तरी!” तर ही म्हणते, “ज्याला पोचायचं होतं तो पोचलाय की. ह्या दोघींची घंटा व्हायचीय.”

मी नोरीन. त्याच शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं टेबल सांभाळते आहे. प्रवेशाचे अर्ज, उशिराच्या चिठ्ठ्या, हरवलेले हातमोजे, सगळं माझ्याकडे. शाळेतलं मला कळत नाही असं फार थोडं आहे आणि माझं तोंड बंद राहतं असंही फार थोडं. पण कुठल्या वस्तीची पोरं कुठल्या शाळेत जायची, ह्या हद्दीचा वाद पेटला त्या वर्षी शिक्षण मंडळानं आम्हा नोकरमाणसांना लेखी बजावलं होतं, त्या वादात बोलायचं नाही. बावीस वर्षांत इतकी कुढले नव्हते मी.

व्हर्नाची शाळा पंधराव्या वर्षी सुटली. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची चार भावंडं. मग पावाचा कारखाना, मग लग्न, मग नवरा एइनो गेला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी तिनं ही पाटी हातात घेतली. “अर्धी शाळा राहिली होती ना, ती आता रस्त्यावर उभी राहून पुरी करतेय,” असं म्हणून हसते. हसते खरी, पण मला माहीत आहे, तिला त्याचं फार वाईट वाटतं. आमच्याकडे निम्मी पोरं पहिलीपासून सगळे विषय फ्रेंचमधून शिकतात, निम्मी इंग्रजीतून. फ्रेंचवाली पोरं गाणी म्हणत रस्ता पार करतात तेव्हा ही ओठ हलवते. शब्दाचा अर्थ एक कळत नाही, पण चाली सगळ्या पाठ.

लार्च कोर्टच्या भाड्याच्या इमारतींतून मेब्राट आपल्या लेकीला, फेवेनला, रोज त्या कोपऱ्यावर आणायची. मेब्राट एरिट्रियाहून आलेली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. पोरीला व्हर्नाच्या हवाली करायची आणि धावत बस पकडायची. फेवेन तेव्हा बालवर्गात. एक दिवस ती पोरगी मोठ्यांच्या मागून चालता चालता तेच फ्रेंच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत गेली. व्हर्ना पाटी धरून बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मेब्राटला गाठलं. “हिला फ्रेंचमध्ये घाल.”

“छे गं व्हर्ना. ते आपल्यासाठी नसतं. त्या लोकांच्या घरी अभ्यास घ्यायला माणसं असतात. मला तर इंग्रजी बोलतानाच घाम फुटतो.”

“कुणी सांगितलं नसतं म्हणून? फ्रेंच काय गाडीतून येणाऱ्यांच्याच पोरांना येतं? तू घाल. पुढचं मी बघते.”

पुढचं ही काय बघणार होती कोण जाणे! पण मेब्राटनं ऐकलं आणि चोवीस जागांतली एकविसावी फेवेनला मिळाली. माझ्या माहितीत लार्च कोर्टातून फ्रेंचमध्ये गेलेली ती पहिली पोरगी. पहिलीत बसली आणि कोरड्या नळासारखी गप्प असणारी ती पोर नोव्हेंबरपर्यंत मधल्या सुट्टीत वर्गभर हुकूम सोडायला लागली.

आणि त्याच नोव्हेंबरात मंडळाचा नकाशा आला.

शाळेत पोरं मावत नव्हती, हे खरंच होतं. ग्रंथालयात वर्ग भरत होता. तोडगा असा निघाला की आमची शाळा संपूर्ण फ्रेंच करायची आणि इंग्रजीचे वर्ग दरीपलीकडच्या रिजव्ह्यू शाळेत हलवायचे. हद्दीची रेषा नव्यानं आखायची आणि लार्च कोर्ट आख्खं त्या रेषेबाहेर टाकायचं. एक्केचाळीस पोरं. त्यातल्या कुणाला फ्रेंचची जागा असेल तर ती सप्टेंबरपासून रद्द. तसली ‘कुणी’ एकच होती. आता लार्च कोर्टच का? तर तिथून रिजव्ह्यू दरीतल्या पायवाटेनं फक्त चौदाशे मीटर. पोरं चालत जातील, बस द्यावी लागणार नाही. सगळी योजना त्या चौदाशे मीटरवर उभी होती.

खरं सांगते, आधी मला ती योजना बरी वाटली होती. एक शाळा, एक भाषा, माझी कागदपत्रं निम्मी. मग मेब्राट ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारलं, “फेवेनचं नाव कधी काढणार? मला तिला आधी सांगावं लागेल.” मला माझीच लाज वाटली.

व्हर्नाला मी सांगितलं तेव्हा ती पाटी खाली टेकवून उभी राहिली. “मीच तिला भरीला घातलं नोरीन. आता कुठल्या तोंडानं तिच्यासमोर उभी राहू?”

फेब्रुवारीत शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सभा झाली. फ्रेंचवाल्या पालकांचा म्होरक्या ग्रॅहम स्ट्रोन. दातांचा डॉक्टर, बोलायला लागला की कवळीसुद्धा हलत नाही असा गुळगुळीत. दोन्ही बाजूंनी इतकी खडाजंगी झाली की एकमेकांच्या पोरांच्या वाढदिवसाला जाणाऱ्या बायका एकमेकींना “तुम्हा लोकांना” म्हणायला लागल्या. मंडळाचा नकाशा काढणारा कॅलम नावाचा तिशीतला मुलगा पडद्यासमोर उभा राहून प्रत्येकाला तेच सांगत होता. “वाट चौदाशे मीटरची आहे. लहान मुलाला वीस-बावीस मिनिटं.”

पाच मिनिटं बोलायला व्हर्नानं रीतसर नाव दिलं होतं. ती उठली तर स्ट्रोन हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “पोरं कमी झाली की नगरपालिका यांचा कोपरा बंद करेल ना, म्हणून ही धडपड.”

माझं डोकंच फिरलं. पण व्हर्ना शांत.

“करेल की. मी अडुसष्ट वर्षांची आहे डॉक्टर. नगरपालिकेच्या आधी माझे गुडघेच तो ठराव मंजूर करणार आहेत. माझं राहू द्या.” मग कॅलमकडे वळली. “बाबा रे, त्या वाटेनं तू कधी गेलास?”

“सप्टेंबरमध्ये. सायकलनं.”

“बरं. तुझ्या बुटांचा नंबर काय?”

सभा हसायला लागली. कॅलम लाल झाला. “दहा.”

“माझ्या नवऱ्याचे आहेत दहाचे, चांगले गुडघ्यापर्यंत. उद्या सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी लार्च कोर्टच्या दारात ये. पोरांना मी त्या वाटेवर नेणार नाही, तेवढी अक्कल आहे मला. आपण मोठे जाऊ. डॉक्टर, तुम्हीही या. पाय आहेतच तुम्हाला.”

झालं तिचं भाषण. तीन मिनिटं उरलीच.

दुसऱ्या दिवशी व्हर्नानं एकोणीस वर्षांतली पहिली रजा घेतली. मीही ऑफिसात कळवलं, दाढ दुखतेय. आणि लार्च कोर्टच्या दारात पोचते तर समोर दातांचा डॉक्टर!

उणे सव्वीस तापमान. वाटेच्या तोंडाशीच रस्त्यावरचा बर्फ ढकलून माझ्या उंचीचा ढीग केलेला आणि त्यातून एक पाटी डोकं काढून उभी, ‘या वाटेची हिवाळ्यात देखभाल होत नाही’. कॅलमनं ती वाचली. पुन्हा वाचली. “हे नकाशात नाहीये,” म्हणाला.

“नकाशात बर्फ पण नाहीये,” व्हर्ना म्हणाली. “चल.”

पायऱ्या तर दिसतच नव्हत्या. दरीत उतरताना स्ट्रोन बसूनच खाली गेला आणि मी हसले, लपवायलाही जमलं नाही. गुडघाभर बर्फात एक पाय काढायचा, दुसरा घालायचा. नाल्यावरच्या पुलावर काचेसारखं पाणी गोठलेलं, तिथे कॅलम आडवा झाला. व्हर्नानं त्याला हात दिला. “लागलं का रे?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तीच काळजी होती जी पोरांना रस्ता पार करून देताना असते. स्ट्रोन मध्येच थांबून धापा टाकत म्हणाला, “माझा धाकटा सहा वर्षांचा आहे.” एवढंच. 

रिजव्ह्यूच्या दारात पोचलो तेव्हा आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. सत्तेचाळीस मिनिटं लागली. घंटा साडेआठलाच होऊन गेलेली, दार बंद. बेल वाजवली तर तिथल्या ऑफिसातली ग्वेन बाहेर आली. ग्वेन माझ्यासारखीच, नियम म्हणजे नियम. आमचे चौघांचे बर्फानं माखलेले अवतार बघूनही तिनं चिठ्ठ्यांची वही पुढे सरकवली. “उशिरा आलेल्यांनी नाव आणि कारण लिहायचं. चिठ्ठी घेतल्याशिवाय आत सोडत नाही मी.”

मी सांगणार होते, अगं ही पोरं नाहीत. व्हर्नानं माझा दंड दाबला.

कॅलमनं खरोखरच पेन घेतलं. बोटं आखडली होती, तरी सावकाश लिहिलं. नाव. वेळ. कारणाच्या रकान्यात थोडा थांबला आणि लिहिलं, “नकाशा मीच काढला होता.”

ती चिठ्ठी त्यानं मंडळासाठीच्या अहवालाला जोडली. माणूस चुकतो, पण चूक स्वतःच्या सहीनं वर पाठवणारे किती असतात? मी त्याला अजून सणाला केक पाठवते.

मार्चअखेर मंडळात मतदान झालं. वाट गेली की बस आली, बस आली की खर्च आला आणि ती योजनाच लंगडी. सहा विरुद्ध तीन मतांनी रेषा दरीच्या काठावरच थांबली. लार्च कोर्ट आमच्याकडेच राहिलं, शाळेत दोन्ही भाषा राहिल्या आणि जागेसाठी मैदानात दोन पत्र्याच्या खोल्या येणार असं ठरलं. लार्च कोर्टच्या बाजूनं बोलणाऱ्यांत स्ट्रोन होता. आता त्या खोल्यांनी फुटबॉलची जागा खाल्ली म्हणून आठवड्याला एक तक्रार लिहितो. लिहू दे. चांगला झालाय म्हणजे काय संत झालाय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हर्नाला कोपऱ्यावर गाठून निकाल सांगितला. ती रस्त्याच्या मधोमध होती, पोरं पार होऊन गेली होती, तरी पाटी वरच. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दोन्हीकडे गाड्या थांबलेल्या, पण एकानंही हॉर्न वाजवला नाही.

“मेब्राटला सांगितलंस?” तिनं विचारलं.

“ती कामावर आहे.”

“मग फोन कर ना बाई! माझ्याकडे काय बघतेस?”

ऑफिसातून असे फोन करायचे नसतात. मी केला. धुलाईखान्यातल्या यंत्रांचा धडधडाट, कुणीतरी मेब्राटला हाका मारतंय, मग तिचा आवाज, घाबरलेला. “फेवेनला काय झालं?”

“काही नाही झालं. फेवेनची जागा राहिली. सप्टेंबरात ती दुसरीत. फ्रेंचमध्येच.”

यंत्रांच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही कळेना. 

“मेब्राट? ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.” मग ती हळू म्हणाली, “मी तिला सांगितलंच नव्हतं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज ती घरी येऊन गाणं म्हणायची, मग नको वाटायचं. नोरीन, आता सांगायला नको ना?”

“नको,” मी म्हणाले. “आता कधीच नको.”

काचेतून मला फेवेन दिसत होती. बाहेरच्या बाकावर बसून ओल्या बुटाची नाडी ओढत होती आणि शेजारच्या पोराला, तो चुकीच्या पायात बूट घालतोय म्हणून, फ्रेंचमध्ये झाडत होती.