सोनीला बोट लागू नये म्हणून

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा आमच्या कचेरीत टेबलं होती, पण खुर्च्या नव्हत्या. खुर्च्या आल्या तर पंखे नव्हते. मग काय, एकेका बाकावर तिघं-तिघं बसायचो, आणि तिघं जवळ बसले की बोटं थांबतात अन् तोंडं सुरू होतात! फायली आज ना उद्या निकाली तरी निघायच्या. किस्से मात्र साठतच गेले. त्यातले बोटीचे किस्से तर कुणी नुसतं 'गोवा' म्हटलं तरी सुरू होतात. सांगायचे असतील तर मीच सांगते, कारण बाकीचे सगळे सांगताना आपापली उलटी गाळतात!

मुंबईहून बोटीनं गोव्याला जायची टूम काढली बिराजदार अण्णांनी. अण्णा म्हणजे आमचे हेडक्लार्क, निलंग्याकडचे, आवाज असा की कचेरीला घंटा लागत नव्हती. दिवाळीची सुट्टी, चार घरं, सगळी पोराबाळांसकट. अण्णा आणि त्यांचा मुलगा बसू, जीपचे ड्रायव्हर शेखभाई आणि त्यांची मुलगी रुबी, स्टेनो कांबळे साहेब आणि त्यांच्या मिसेस. या मिसेस सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. आणि आम्ही तिघं. मी टायपिस्ट, आमचे हे मास्तर, आणि आमची सहा वर्षांची सोनी.

आता सोनीचं सांगते. लोकांच्या पोरांना गाडी घाटात लागते. आमच्या पोरीला स्टँडवर लागायची! एसटीचा तो वास आला की झालं, चेहरा पांढराफटक. माझं माहेर हदगाव. लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, एवढ्या वाटेत पोरगी अर्धी व्हायची. शेवटी आबांचाच, म्हणजे माझ्या वडिलांचा निरोप आला, "लेकराचे एवढे हाल करू नको. मोठी झाल्यावर या." आबांच्या गुडघ्यामुळं त्यांना येणं होईना, सोनीमुळं मला जाणं होईना. दोन वर्षं झाली होती मी बापाचं तोंड बघून. चुलीपुढं बसून रडायचे मी, खोटं कशाला सांगू!

त्यात ह्यांनी जाहीर केलं, "बोटीत नेऊ. पण तिथं ही आजारी पडली, तर मोठी होईस्तोवर कुठंच न्यायचं नाही. हदगावचं नावसुद्धा काढायचं नाही." म्हणजे बाकीचे गोव्याला चालले होते, मी मात्र बोटीत बसून हदगावलाच चालले होते.

*

सिस्टर आम्हाला त्यांच्या दवाखान्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. आम्ही सगळे घोळक्यानं आत शिरलो. डॉक्टर म्हणाले, "पेशंट कोण आहे?"

अण्णा म्हणाले, "अजून कुणीच न्हाई साहेब. पुढच्या आठवड्यात होणार हायत!"

डॉक्टर बिचारे सज्जन. त्यांनी सगळं नीट समजावलं. उपाशी पोटी न्यायचं नाही आणि तळलेलं चारून न्यायचं नाही. लाह्या, बिस्किटं असं कोरडं थोडं थोडं द्यायचं. बोटीत मोकळ्या हवेत बसवायचं. खाली मान घालून चित्रं बघू द्यायची नाहीत, लांब बघायला लावायचं, जिथं आभाळ टेकतं तिथं. गोळी बोटीत चढायच्या आधी द्यायची. "आणि ती मी प्रत्येक मुलाचं वजन बघून लिहून देतो. मनानं अर्धी-पाऊण करायची नाही!"

अण्णांनी विचारलं, "मोठ्या माणसांना न्हाई ना लागत?"

"लागते की!"

"मला न्हाई लागायची. माझा जन्म एसटीत गेलाय!"

तेवढ्यात सोनीनं टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून विचारलं, "डॉक्टरकाका, समुद्र किती टँकरचा असतोय?" त्या वर्षी पावसानं अशी दडी मारली होती की दिवाळीतच गल्लीत टँकर सुरू झाले होते. पोरीनं त्याहून मोठं पाणी पाहिलं कुठं होतं! डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, हिला न्याच."

*

मग अण्णांच्या डोक्यात सराव शिरला. कचेरीच्या मागं कडुलिंबाचं झाड होतं, त्याला दोर बांधून झोका केला. रोज दुपारच्या सुट्टीत पोरांना झोक्यावर बसवायचं आणि ओरडायचं, "लांब बघा! लांब बघा!" पोरं दूरच्या पाण्याच्या टाकीकडं बघत झोके घ्यायची. सोनी पहिल्या दिवशी थोडी कळमळली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अजून जोरात!" मला तर आनंदानं काय करू अन् काय नको असं झालं.

एकदा अण्णा स्वतःच करून दाखवायला झोक्यावर बसले. शेखभाईंनी दिला दणका! झोका वर गेला आणि नेमके आमचे साहेब तिथं आले. आता चालत्या झोक्यावरून उतरता येतंय होय? अण्णा पुढं आले की "नमस्कार साहेब!" मागं गेले, परत पुढं आले की "नमस्कार साहेब!"

साहेब म्हणाले, "बिराजदार, हे काय करून राहिले?"

"निवारणाचं काम चालू हाय साहेब!"

"दुष्काळ निवारण?"

रुबीनं सांगितलं, "नै साब, उलटी निवारण!"

*

निघायच्या दिवशी प्रत्येक घरच्या म्हातारीनं आपापलं औषध बांधून दिलं. आवळासुपारी, लिंबू, आलेपाक, ओवा. अण्णांच्या आईचा विश्वास वर्तमानपत्रावर! पोटाला वर्तमानपत्र बांधलं की उलटी होत नाही म्हणे. बसूच्या सदऱ्याच्या आत अख्खा पेपर बांधलेला. पोरगं हललं की खरखर वाजायचं.

एसटी सुटली. सोनीला नेहमीसारखी लागलीच, पण ह्यांची अट बोटीची होती, एसटीची नव्हती! थोड्या वेळानं अण्णांना वाचायला काही मिळेना. इकडंतिकडं पाहिलं आणि बसूचा सदरा वर केला. चष्मा लावून म्हणतात कसे, "अरे, पावसाचं कायतरी आलंय! बसू, जरा वळ रे. बातमी पाठीवर गेली!"

याच बसूला अण्णांनी लातूरच्या स्टँडवरच डॉक्टरांची गोळी देऊन टाकली होती. पोरगं ज्वारीच्या पोत्यासारखं झोपलं ते थेट मुंबईला उठलं. सिस्टर भडकल्या, "अण्णा, बोटीच्या आधी द्यायची होती ना!"

अण्णा म्हणाले, "मला वाटलं, लवकर दिली तर जास्त मुरंल!"

सिस्टरनी बाकीच्या पोरांच्या गोळ्या तिथल्या तिथं काढून स्वतःच्या पिशवीत ठेवल्या.

*

खरी गंमत धक्क्यावर! आपली सवय काय? ज्याला गाडी लागते त्यानं पुढं बसायचं. मागं बसलं की धक्के. अण्णांनी रात्रभर आम्हाला पढवलं होतं, "फळी टाकली रे टाकली की पळायचं. सगळ्यात पुढची जागा धरायची!"

फळी पडली आणि लातूरकर सुटले! अण्णा पुढं, शेखभाई मागं, मी सोनीला काखोटीला मारून. बोटीच्या पार टोकाला जाऊन आम्ही रुमाल टाकले, टोप्या टाकल्या, सिस्टरची छत्री आडवी ठेवली. भांडायच्या तयारीनं वळून बघतो तर मागं कुणीच नाही! सगळी गोव्याची नि कोकणची माणसं आरामात मधल्या भागात सतरंज्या पसरत होती. अण्णा छाती फुगवून म्हणाले, "बघा, किती येडी माणसं!"

एक खलाशी आला, हसायलाच लागला. "ही काय एसटी आसा काय, काका? फुडे बसलास तर उडतलास!"

"आम्ही आधी आलोय," अण्णा म्हणाले. "धरलेली जागा सोडायची न्हाई!"

बोट बंदरातून बाहेर पडली आणि टोक असं वर गेलं, असं खाली आलं, की बाई गं! पोटातलं पाणी डोळ्यांत! पाचव्या-सहाव्या लाटेला अण्णांनी रुमाल उचलला. आम्ही आपापल्या टोप्या, छत्र्या गोळा केल्या आणि मान खाली घालून मधल्या भागात आलो. तिथं त्या येड्या माणसांनी आम्हाला सरकून जागा दिली.

*

शेखभाई म्हणजे निलंग्यापासून औशापर्यंत जीप पळवणारा माणूस. सकाळपासून पोरांना चिडवत होते, "मेरे को क्या होता? मैं सारा जिल्हा फिरातूं!" दुपारी बघते तर खांबाला मिठी मारून बसलेले, चेहरा हिरवा.

मी म्हटलं, "शेखभाई, काय झालं?"

"बाई, ये सडकच हिलरी!" मग हळूच म्हणाले, "कॅप्टनको बोलो ना, जरा साइडको लेव. दो मिनिट उतरतूं!"

*

आणि मग सोनीला लागली.

गोळी वेळेवर दिली होती, लाह्या दिल्या होत्या, लांब बघायला लावलं होतं. तरी लागली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा नुसतं पाणी पडलं आणि पोरगी माझ्या मांडीवर गळून गेली. ओठ सुकलेले. चारी बाजूंना समुद्र आणि माझं लेकरू सुकून चाललेलं! मी घाबरून पेलाभर पाणी तिच्या तोंडाला लावायला गेले, तर सिस्टरनी हात धरला.

"पेला नाही! पेलाभर दिलं तर पेलाभर बाहेर येईल. जरा थांबा, पोट शांत होऊ द्या."

त्यांनी लातूरहून आणलेल्या उकळलेल्या पाण्यात मापानं साखर-मीठ कालवलं. सोनीला वारा लागेल अशी आडवी केली, डोळे मिटायला सांगितले, आणि एक चमचा. मग थांबल्या. मग एक चमचा. म्हटलं, गेलं माझं हदगाव! पण हदगाव गेलं तरी चालेल, पोरगी उठू दे.

सोनी डोळे मिटूनच म्हणाली, "आई, हे आपल्या गल्लीतलं पाणी हाय ना?"

"हाव बाळा."

"मग सांडू नको."

बसू आणि रुबी तिच्या दोन्ही बाजूंना बसून गाणी म्हणायला लागले. कुणीच सांगितलं नव्हतं त्यांना. चमचा चमचा करत पाणी पोटात टिकलं. ऊन कललं तेव्हा पोरगी उठून बसली आणि म्हणाली, "भूक लागली!" मी सिस्टरच्या गळ्यात पडून अशी रडले की शेजारच्या कोकणी बाईनं मला सोलकढी विचारली!

आता ह्यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. कारण त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. दुपारपासून मास्तर आडवे! अण्णा त्यांच्या शेजारी आडवे. सिस्टर कानात म्हणाल्या, "सांगूच नका. कशाला?"

सकाळी पणजी दिसायला लागली तेव्हा हे उठून बसले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "सोनीला त्रास झाला का गं?"

आम्ही सगळे समुद्राकडं बघायला लागलो. सोनीच पुढं होऊन म्हणाली, "चार खेपा झाली. पण मी रडले न्हाई."

ह्यांनी तिला जवळ ओढलं. मग म्हणाले, "मला एकदाच झाली, अन् मी रडलो." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "जाऊन या तुम्ही हदगावला."

*

आता शेवटचा. हा मी कचेरीत कधी सांगितलाच नव्हता.

गोव्याहून आल्यावर पुढच्याच रविवारी मी सोनीला घेऊन हदगावला निघाले. दोघीच. नांदेडला गाडी बदलली. सोनी खिडकीशी बसली, लाह्या खाल्ल्या, गाणं म्हणाली, लांबचे डोंगर बघत राहिली. मी मात्र नांदेडपासून हदगावपर्यंत दुसरं काही पाहिलंच नाही. सोनीचा चेहरा. ओठ पांढरे पडतात का, कपाळावर घाम येतो का, आवंढा गिळते का. पापणी मिटली नाही म्हणा ना! आणि नाही झाली, एकदाही नाही झाली. मी मनात नाचत होते.

स्टँडवर आबा उभे. दोन वर्षांत किती वाकले होते! एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली, खांद्यावर टॉवेल. नातीसाठी पाणी भरून आणलेलं. गाडी थांबली तसे लंगडत लंगडत दारापाशी आले आणि बादली पुढं करून म्हणाले, "आली का माझी बाय? ये, तोंड धू. लई हाल झाले का?"

सोनीनं टुणकन उडी मारली, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि मागं वळली.

"आबा, मला न्हाई. बाजूला सरका, आईला उतरू द्या!"