रबरी नळीची नाडी

बाण गाडीच्या तोंडाकडे करून मी ती पितळी डबी बसवली, आणि गाडी सुरूच झाली नाही.

डबीवर बाण कोरलेला होता. गाडी ज्या दिशेला जाते त्या दिशेला बाण, हे मला इतकं उघड वाटलं की कोणाला विचारावं असं मनातही आलं नाही. हँडल मारून मारून माझा सदरा पाठीला चिकटला. तेव्हा गाडीचे मालक, म्हणजे आमच्या शेजारचे वैद्यबुवा, धोतराचा सोगा सावरत अंगणात आले. वाकून त्यांनी कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीवर उजव्या हाताची तीन बोटं ठेवली. डोळे मात्र माझ्या तोंडावर.

"पोट पाहा आधी, पोट," ते म्हणाले. "हिच्या पोटात काही जाऊनच नाई राह्यलं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पोरगा नापास झाला, पोट पाहा. नवराबायकोचं जमत नाही, दोघांचं पोट पाहा. एकदा माझ्या दुकानाचं छप्पर गळत होतं, तर तेव्हाही बुवा सवयीनं "पोट..." म्हणून गेले आणि मग स्वतःच हसत बसले. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. एकच चावी घेऊन सगळी कुलुपं उघडायला निघालेला, आणि गंमत म्हणजे बरीचशी उघडणारा.

"हा बाण कोणाले रस्ता दाखवून राह्यला बे?" त्यांनी डबीकडे बोट केलं.

"गाडी तिकडंच जाते न, बुवा."

"गाडी तिकडं जाते. पेट्रोल कुठी जाते?"

पंप इंजिनाच्या पुढच्या अंगाला होता, कार्बोरेटर मागे. पेट्रोल पुढून मागे जात होतं. मी बाणाकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, आणि मग पाना शोधण्याच्या निमित्तानं गाडीखाली शिरलो.

"बयताड," वरून आवाज आला. आमच्या भागात मूर्खाला असं म्हणतात. मायेनंही म्हणतात. बुवा मला मायेनंच म्हणत असत, असं मी आजवर धरून चाललो आहे.

आता ही डबी आली कुठून, ते सांगतो. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं, गडचिरोली त्यातच होतं, आणि चांदा शहरात माझं स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. स्टोव्ह काय आणि मोटार काय, दोन्हीत तेल आणि हवा, हा माझा सिद्धांत. बुवांच्या म्हाताऱ्या गाडीचा पेट्रोलचा पंप गेला, तेव्हा नागपूरच्या भंगार बाजारातून लढाईतल्या कुठल्याशा ट्रकचा पंप मी आणून बसवला. तो निघाला पहिलवान. इतक्या जोरानं पेट्रोल ढकलायचा की कार्बोरेटर भरून वाहायचा, गाडी काळा धूर ओकायची आणि गुदमरून बंद पडायची. "अजीर्ण," बुवा म्हणाले, आणि या वेळी पोटाचं निदान अगदी बरोबर होतं. भंगारवाल्यानं मग उपाय म्हणून ही डबी दिली. पंप आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये बसवायची. वर एक पेच. तो आत घातला की पेट्रोलचा दाब वाढतो, बाहेर काढला की कमी होतो. किती आत, किती बाहेर, ते मोजायचं काट्याचं यंत्र वेगळं मिळतं, म्हणाला. ते त्याच्याकडे नव्हतं.

आणि हे सगळं नेमकं त्या दिवशीच उरकायचं होतं. कारण बुवांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता.

मुलगा नागपुरात नोकरीला. सज्जन माणूस. आई वारलेली, बाप सत्तरीच्या पुढे, आणि मागच्याच महिन्यात माझ्या पहिलवान पंपानं बापाला भर जंगलात बसवलं होतं. बुवा बांबूच्या बैलगाडीतून, बांबूंवर बसून घरी आले होते. ती बातमी नागपूरपर्यंत गेली. गाडी विकायची, वैद्यकी बंद, नागपूरला चला, असं मुलगा म्हणत होता, आणि त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही.

पण दर बुधवारी वैनगंगेच्या काठी बाजार भरायचा. पलीकडच्या गडचिरोलीच्या जंगलातली दुखणाईत माणसं डोंग्यातून नदी ओलांडून यायची आणि घाटावर झाडाखाली बुवांची वाट पाहत बसायची. सर्व्हिसची मोटार, म्हणजे बस, त्या घाटापर्यंत जात नव्हती. गाडी गेली की घाट गेला, आणि घाट गेला की बुवांजवळ काय राहत होतं?

"बाबा, आज बुधवार आहे," मुलगा म्हणाला. "मीही येतो. गाडी न अडता जाऊन आली, तर तुम्ही इथं राहा. नाही तर उद्या माझ्याबरोबर चलायचं."

"चालते," बुवा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच पोट आठवलं.

बाण मागे करून डबी पुन्हा बसवली. गाडी सुरू झाली आणि लगेच पेट्रोल वाहायला लागलं. मी घाबरून पेच बराच बाहेर काढला. आता गाडी मांजरीसारखी गुरगुरायला लागली. मला वाटलं, जमलं. मी सुकाणूवर, बुवा शेजारी मांडीवर औषधाची पेटी घेऊन, मुलगा मागे.

सपाटीवर गाडी छान गेली. मी तर मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं शीळही घातली. मग जंगलातला लांब चढ लागला. गाडीनं दोन आचके दिले आणि तिचा जीव खाली बसायला लागला. पेच जास्तच बाहेर निघाला होता. आधी अजीर्ण होतं, आता मी तिला उपाशी मारत होतो. मागून मुलानं घसा खाकरला. त्या खाकरण्यात नागपूर होतं.

"थांबवू नोको," बुवा म्हणाले. "हळू कर फक्त."

गाडी चालण्याच्या गतीवर आली, तसे ते पेटी सीटवर ठेवून फुटबोर्डवर उतरले. मुलगा ओरडला, "बाबा!" तोवर बुवा बॉनेटची बाजू उचलून पुढच्या मडगार्डवर बसलेसुद्धा. काळी टोपी, पांढरं धोतर वाऱ्यावर, तोंड माझ्याकडे. एका हातात माझा पेचकस, दुसऱ्या हाताची तीन बोटं रबरी नळीवर.

"चाल!" त्यांनी मान हलवली.

मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी हुंदका देई, की बुवा पेच थोडा आत घालत. पेट्रोलचा वास येई, की थोडा बाहेर काढत. पुन्हा आत. पुन्हा अगदी जरासा बाहेर. डोळे मात्र काचेतून माझ्यावर. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या, त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक माझ्याकडे हात करून काहीतरी मोठ्यानं बोलली आणि बाकीच्या हसल्या. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. कौतुक असेल असं समजून मी मानेनं नमस्कार केला.

चढाच्या माथ्यावर गाडीचा आवाज एकदम गोल झाला. पेच हलू नये म्हणून बुवांनी त्याच्यावरची चकती आवळली आणि आत येऊन बसले.

घाटावर माणसं बसलेली होती. गाडी दिसताच उभी राहिली. एक म्हातारा डोंग्यातून दोघांच्या खांद्यांवरून उतरत होता, तो तशा स्थितीतही हात हलवायला लागला. मुलगा गाडीतून उतरला आणि त्या माणसांकडे बघत राहिला. संध्याकाळी आम्ही चांद्याला परतलो, तोवर गाडी एकदाही अडली नव्हती. घाटावरून निघाल्यापासून बुवांचा उजवा हात मात्र कोटाच्या खिशातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच स्टेशनावर गेला. जाताना बुवांच्या पाया पडला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांना परत बाहेर बसवू नका, एवढं करा."

टांगा वळला तसा बुवांनी खिशातून हात काढला. तिन्ही बोटांवर फोड आले होते. इंजिनाच्या उष्णतेनं नळी तापलेली, आणि हे तिच्यावर बोटं ठेवून बसलेले.

"बुवा, काढायची न बोटं! नाडी इतकी का महत्त्वाची होती?"

"कायची नाडी बे." ते ओट्यावर बसले. "या बोटाईले दोन सालापासून काही समजतच नाई. मुंग्या आल्यावानी राह्यते. भाजलं तेबी मले घाटावर समजलं, पाण्यात हात घातला न फोड दिसले तवा."

मी त्यांचा हात धरून उजेडाकडे वळवला. "मग पेच कशावरून फिरवला?"

"तुह्या तोंडावरून. तुहं तोंड उतरलं की आत घालो. तू नाक मुरडलं की बाहेर काढो. तुह्या तोंडावर सारं लिहून राह्यते, बयताडा. बिमार माणसाच्या तोंडावर बी इतकं साफ नसते."

"आणि घाटावरची माणसं? त्यांची नाडी?"

"हात हाती धराव लागते. नाई तं ते बोलत नाईत." मग म्हणाले, "हे पोराले नोको सांगू."

मी सांगितलं नाही. त्यांच्या बोटांना लोणी लावलं. लोणी लावताना ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून मी मान खालीच ठेवली.

त्यानंतर बरीच वर्षं बुधवार चुकला नाही. पेच मी पुन्हा कधी हलवला नाही. मग एका उन्हाळ्यात बुवा दुपारी जेवून ओट्यावर टेकले आणि तसेच गेले. मुलगा आला. गाडी न्यायला कोणी तयार होईना, ती त्यांच्याच अंगणात उभी राहिली. मडगार्डवर शेजारच्या कोंबड्या बसू लागल्या.

पुढे घाटापर्यंत सर्व्हिसची मोटार सुरू झाली. एका बुधवारी मी उगाचच तिनं गेलो. बाजारात एक म्हातारी मोहफुलांची टोपली घेऊन बसली होती. मला न्याहाळून न्याहाळून पाहायला लागली. मला वाटलं, बुवांमुळे ओळखत असेल. जवळ जाऊन जरा छाती काढून म्हणालो, "वैद्यबुवाच्या गाडीवर मीच राहत होतो, बाई."

"ओळखलं न," ती म्हणाली. "तवा बी रस्त्यावरून बोंबलून मनलं होतं, पण तू नमस्कार करून निंगून गेला. बुढ्याले बाहेर टांगून सोता गादीवर बसला होता, तो बयताड तूच नाई का?"