दस्ता बाबांचा, नळी भावाची

बाबांची एकनळी बंदूक भावाला मिळणार हे कळलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. आंबागडच्या डोंगराखालचं, जंगलाला लागून असलेलं धानाचं शेत वाटणीत मोठ्या भावाकडे गेलं. मला गावातलं घर आणि रस्त्याकडचा तुकडा. रानडुकरं जंगलातून येतात, म्हणून पीक राखायच्या बंदुकीचा परवानाही त्यालाच. कायद्यानं बरोबरच होतं. पण लहानपणी बाबांसोबत बांधावर मी जायचो. काडतुसांची पिशवी माझ्या खांद्यावर असायची. बार झाला की भाऊ घरात कानात बोटं घालून बसायचा.

बाबा गेल्यापासून बंदूक नियमाप्रमाणे नागपूरच्या दुकानात जमा होती. तीच घ्यायची की दुसरी, हे ठरवायला भावानं मलाच सोबत नेलं. का, तर म्हणे मला त्यातलं समजतं. बसमध्ये वाटेतलं शहापूर येईपर्यंत त्याचा बेत ऐकत होतो. बंदुकीचं बाकी अंग मजबूत पाहून घ्यायचं, नळी खराब असली तरी चालेल, नवी नळी आपला लोहार घरीच बसवून देईल. मी खिडकीबाहेर पाहत हं हं करत राहिलो.

दुकानदारानं बाबांची बंदूक समोर ठेवली आणि नळीतून उजेड दाखवला. आत सगळे गंजाचे खड्डे. ते कशानं झाले हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चोराच्या भीतीनं बाबा ती धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, खुपसून ठेवत. नवं धान ओलसर असतं, त्याची ओल नळीनं प्यायली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

"हे नको घेऊ भाऊ," मी म्हणालो. "सडली हाय. ते दुसरी घे."

दुसरी खरंच चांगली होती, चकचकीत. पण माझ्या मनात वेगळंच होतं. बाबांची बंदूक अनोळखी माणसाच्या घरी गेली असती तरी मी सोसलं असतं. भावाच्या खुंटीवर मला ती बघवणार नव्हती.

दुकानदारानं माझा डाव उधळला. बाकी अंग ठणठणीत आहे, नवी नळी बसेल, म्हणाला. फक्त घरी नाही. लोहाराचं नाव काढाल तर परवाना जाईल, काम परवाना असलेल्या कारखान्यातच होतं.

भावानं दुसऱ्या बंदुकीला हातही लावला नाही. "नळी बदलता येते," तो म्हणाला. "बाबाची दुसरी कोठून आनू?"

मग निदान जुनी नळी तरी मला द्या, असं मी म्हणून पाहिलं. तीही परवान्याशिवाय देता येत नाही, असं दुकानदार म्हणाला आणि नळी बदलायला त्यानं बंदूकच ठेवून घेतली.

दसऱ्याला आमच्याकडे बंदुकीची पूजा व्हायची. यंदा मी घरी विळ्याची केली आणि सोनं द्यायला भावाकडे गेलो. पाटावर बंदूक होती. नवी काळी नळी, आणि मागे बाबांच्या गालाचं तेल पिऊन गुळगुळीत झालेला तोच लाकडी दस्ता. भावानं पूजा थांबवून ठेवली होती. कुंकवाची वाटी त्यानं माझ्यासमोर धरली.

"पहिला टिळा तू लाव," तो म्हणाला. "बाबा तुलेच नेत होते बांधावर, मले नाही. मी घरात कानात बोटं घालून रडत बसो. तुम्ही परत याले लागले का डोळे पुसो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, तो भितो.

मी कुंकवात बोट बुडवलं. टिळा लाकडावर लावला. नळीला लावला नाही. भावानं ते पाहिलं, आणि नळीचा टिळा स्वतः लावला.